लायनरला पाण्याच्या बाजूने पडणारी भोकं: जुन्या डिझेल ट्रकच्या इंजिनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या डिझेल ट्रकमध्ये लायनरला, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीला, बाहेरून, म्हणजे पाण्याच्या बाजूने, बारीक खड्डे पडतात (यालाच पिटिंग म्हणतात). खड्डे खोल होत आरपार जातात आणि कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, ऑइलमध्ये उतरतं. या बिघाडाचं कारण फार पूर्वीपासून माहीत आहे आणि तो टाळताही येतो. तरीही धडधाकट इंजिनं यापायी उघडावी लागतात, याचं वाईट वाटतं. म्हणून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लायनरचं पिटिंग म्हणजे नेमकं काय? तो साधा गंजच ना?

सुरुवात गंजाने होत नाही, धक्क्याने होते. पिस्टन वरच्या टोकाला पोचून खाली वळतो तेव्हा कनेक्टिंग रॉडचा कल बदलतो आणि पिस्टन एका भिंतीवरून सुटून समोरच्या भिंतीवर आदळतो. नेमकं त्याच वेळी वर इंधन पेटलेलं असतं, त्यामुळे धक्का जोरदार बसतो. लायनर थरथरतो. ही थरथर डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक, पण अतिशय वेगवान असते. भिंत कूलंटपासून झटकन मागे सरते तेव्हा तिथला दाब क्षणभर इतका घसरतो की कूलंटची वाफ होऊन सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. दाब परत वाढला की ते कोसळतात आणि कोसळताना धातूच्या एका ठिपक्यावर द्रवाची बारीक धार आपटते. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात.

जहाजांच्या पंख्यांची पातीही अशीच कुरतडली जात. त्याच संदर्भात लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये कोसळणाऱ्या बुडबुड्याजवळच्या दाबाचं गणित मांडलं. आपल्या वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे लायनरभोवती कूलंट फिरतं त्या पोकळीत, घडतं ते हेच.

गंजाचा भाग यानंतर येतो. प्रत्येक आघाताने लोखंडावरचा संरक्षक थर उडतो, उघडं पडलेलं लोखंड गंजतं आणि पुढचा आघात तो गंज उडवून लावतो. दोन्ही मिळून जे खड्डे पडतात ते अरुंद आणि खोल असतात.

२. माझ्या गाडीला हा धोका आहे का?

लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं का, ते आधी पाहा. लागत असेल तर तो वेट लायनर, आणि धोका मुख्यतः त्याला. मोठ्या ट्रकची अनेक जुनी इंजिनं याच घडणीची आहेत. कॅटरपिलर ३४०६, कमिन्स एन-१४ आणि डेट्रॉइट सिरीज ६० ही त्यातली ओळखीची नावं. ड्राय लायनर ब्लॉकमध्ये घट्ट बसलेला असतो आणि पाणी फक्त ब्लॉकला लागतं, म्हणून तिथे हा त्रास कमी.

पण लायनरच नाही म्हणून निर्धास्त राहू नका. फोर्डच्या पिकअपमध्ये येणारी इंटरनॅशनलची जुनी ६.९ लिटर आणि ७.३ लिटरची व्ही-८ डिझेल इंजिनं याच दुखण्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांत सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेले असतात. ७.३ चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोठा केल्याने भिंती आणखी पातळ झाल्या आणि तक्रारी वाढल्या. अशा इंजिनात भोक पडलं तर ब्लॉक बोअर करून (आतून मोठा कोरून) स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, बसवावी लागते.

३. सगळीच इंजिनं थरथरतात, मग सगळ्यांचे लायनर का जात नाहीत?

कारण कूलंटमधली रसायनं त्यांना वाचवतात. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. डिझेलच्या कूलंटमध्ये नायट्राइट घातलेलं असतं. ते लोखंडावर ऑक्साइडचा पातळ, चिवट थर धरतं. बुडबुड्याचा मार हा थर झेलतो, थोडा उडतो आणि लगेच पुन्हा धरतो, जखमेवर खपली धरावी तसा. काही कूलंटमध्ये नायट्राइटच्या जोडीला मॉलिब्डेट हे दुसरं रक्षक रसायन असतं, मग नायट्राइट कमी लागतं.

पण थर पुन्हा पुन्हा धरताना नायट्राइट खर्ची पडतं. कूलंटचा रंग तसाच राहतो, पाणी स्वच्छ दिसतं, गोठणबिंदूही बरोबर येतो आणि आत नायट्राइट संपलेलं असतं. रेडिएटर भरलेला असणं आणि लायनर सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक नुकसान या दोन्ही एकच समजण्यातून होतं.

४. जिथे थंडी पडत नाही तिथे अँटीफ्रीझ कशाला? साधं पाणी चालत नाही का?

साधं पाणी चालत नाही. त्यात प्रश्न ३ मधलं संरक्षण अजिबात नसतं. शिवाय अँटीफ्रीझमधल्या ग्लायकॉलमुळे उकळणबिंदू वाढतो. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असं मिश्रण मोकळ्या हवेत साधारण १०७ ते १०८ अंश सेल्सिअसला उकळतं. द्रव उकळण्यापासून जितका दूर, तितके बुडबुडे कमी.

काही इंजिन उत्पादक उष्ण भागासाठी ग्लायकॉलशिवाय, शुद्ध पाण्यात ॲडिटिव्ह, म्हणजे संरक्षक रसायनांची वेगळी मात्रा, मिसळून वापरायला परवानगी देतात. तिथे ॲडिटिव्हचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त असतं आणि ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मॅन्युअलमध्ये तशी सोय नसेल तर करू नका.

५. कारचं कूलंट ट्रकमध्ये घातलं तर?

घालू नका. कारच्या पारंपरिक कूलंटमध्ये ॲल्युमिनियमसाठी सिलिकेट जास्त असतं आणि लायनरसाठी लागणारं नायट्राइट बहुधा नसतं. त्यावर ट्रकचं ॲडिटिव्ह ओतलं तर सिलिकेट गोठून चिकट गाळ होण्याची भीती असते.

डब्यावर हेवी ड्यूटी डिझेलसाठी असल्याचा उल्लेख आणि ए.एस.टी.एम. (मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) डी ६२१० हे मानक शोधा. या मानकाच्या कूलंटमध्ये लायनरचं संरक्षण आधीपासूनच असतं. डी ४९८५ हे मानक असेल तर सुरुवातीलाच वेगळं ॲडिटिव्ह घालावं लागतं, ही बारीक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. रंगावर मात्र अजिबात जाऊ नका. हिरवा, लाल, गुलाबी, पिवळा असं कोणतंही सर्वमान्य बंधन नाही. उत्पादक हवा तो रंग घालतो.

६. मिश्रणासाठी कोणतं पाणी घ्यायचं?

डिस्टिल्ड किंवा क्षारविरहित पाणी. नळाचं किंवा बोअरवेलचं पाणी वापरायचंच असेल तर आधी तपासून घ्या. हेवी ड्यूटी इंजिनांसाठी सर्रास वापरली जाणारी कमाल मर्यादा अशी: क्लोराइड ४० पीपीएम (दहा लाख भागांत ४० भाग), सल्फेट १०० पीपीएम, एकूण कठीणपणा १७० पीपीएम. क्लोराइड ऑक्साइडचा थर फोडतं, आणि कठीण पाण्याने लायनरवर क्षार साचले की उष्णता बाहेर पडत नाही. निम्मं-निम्मं तयार मिश्रण मिळत असेल तर मी तेच घेईन. पाण्याचा प्रश्नच उरत नाही.

७. नायट्राइट किती आहे ते घरच्या घरी कसं तपासायचं?

हेवी ड्यूटी कूलंटच्या टेस्ट स्ट्रिप मिळतात. पट्टी बुडवायची, झटकायची, सांगितलेली वेळ थांबायचं आणि रंग डबीवरच्या तक्त्याशी जुळवायचा. सोपं आहे, पण चुका ठरलेल्या आहेत.

पहिली चूक म्हणजे नमुना ओव्हरफ्लो बाटलीतून घेतला जातो. तिथलं कूलंट आतल्या कूलंटमध्ये नीट मिसळलेलं नसतं. नमुना रेडिएटरच्या कॉकमधून किंवा, इंजिन गार झाल्यावर, रेडिएटरच्या तोंडातून घ्या. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका, वाफेने भाजेल. दुसरी चूक वेळेची. पट्टीचा रंग पुढेही बदलत राहतो, म्हणून घड्याळ लावूनच वाचा. तिसरी चूक म्हणजे मुदत संपलेल्या किंवा डबी उघडी राहून दमट झालेल्या पट्ट्या. आणि पट्टी तुमच्या कूलंटच्याच प्रकारची हवी, एका जातीचा तक्ता दुसरीला लागू होत नाही.

प्रत्येक ऑइल बदलीला तपासा. वेगळी तारीख लक्षात ठेवावी लागत नाही आणि विसरही पडत नाही.

८. आकडा किती असला म्हणजे ठीक?

डी ६२१० मानकात ५० टक्के मिश्रणासाठी दोन पर्याय आहेत. फक्त नायट्राइट असेल तर किमान १२०० पीपीएम. नायट्राइट आणि मॉलिब्डेट दोन्ही असतील तर मिळून किमान ७८० पीपीएम, आणि त्यात दोन्ही किमान ३०० पीपीएम. तुमच्या कूलंटच्या उत्पादकाचा तक्ता यापेक्षा वेगळा असेल तर तक्ताच अंतिम माना.

"थोडं कमी आहे, चालेल" असं मात्र म्हणू नका. नायट्राइट अपुरं पडलं की थर सलग राहत नाही, त्यात फटी राहतात आणि सगळा गंज त्या फटींत एकवटतो. तिथे खड्डा वेगाने खोल होतो. कमी आढळलं तर पट्टीच्या तक्त्यात दिलं असेल तेवढंच ॲडिटिव्ह घाला, इंजिन चांगलं फिरवा आणि पुन्हा तपासा.

९. जास्त घातलं तर जास्त सुरक्षित, बरोबर ना?

चूक, आणि महागात पडणारी. ॲडिटिव्ह मर्यादेबाहेर गेलं की विरघळलेलं राहत नाही. त्याचा गाळ आणि जेल होऊन रेडिएटरच्या नळ्या, ऑइल कूलर आणि हीटर तुंबतात. वॉटर पंपाच्या सीलवर कण साचतात आणि पंप गळायला लागतो. पितळ-तांब्याच्या जुन्या रेडिएटरच्या डाखावर नायट्राइटचा अतिरेक हल्ला करतो.

अंदाजाने बाटली ओतणाऱ्यांनी सुरक्षित बाजूला राहतोय असं समजू नये. न तपासता घालणं आणि न घालणं या दोन्हींत आंधळेपणा सारखाच आहे. फार जास्त झालं असेल तर काही कूलंट काढून शुद्ध पाणी आणि ग्लायकॉलचं साधं मिश्रण भरा. जेल झालं असेल तर पूर्ण सफाई हाच मार्ग.

१०. इंजिन तापतं म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅटच काढून टाकला. त्याचा याच्याशी काही संबंध?

फार जवळचा संबंध आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, नसेल तर इंजिन हवं तितकं तापत नाही. पिस्टन पुरेसा फुगत नाही, लायनर आणि पिस्टनमधली फट मोठी राहते आणि प्रश्न १ मधला धक्का वाढतो. म्हणजे तापण्यावर उपाय म्हणून केलेली गोष्ट लायनर फोडायला मदत करते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यावर बायपासची वाट उघडीच राहते, पाणी रेडिएटर टाळून फिरतं आणि भार आला की इंजिन उलट जास्त तापतं.

तापण्याचं खरं कारण शोधा: तुंबलेला रेडिएटर, सैल पट्टा, झिजलेला पंप, अडकलेला फॅन क्लच. थर्मोस्टॅट मूळ तापमानाचाच परत बसवा. तासन्‌तास आयडलवर उभं ठेवणंही याच कारणाने वाईट.

११. रेडिएटरचं झाकण जुनं झालंय, पण गळत नाही. बदलायची गरज आहे का?

झाकणाचं काम फक्त पाणी अडवणं नाही, दाब धरणं आहे. वातावरणापेक्षा १ बार जास्त दाब असेल तर साधं पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांना उकळतं. दाब असेल तर बुडबुडे तयार व्हायलाच अडचण येते. स्प्रिंग ढिली झालेली किंवा रबर कडक झालेलं झाकण बाहेरून ठीक दिसतं. ते दाबाच्या पंपावर तपासून घ्या. या सगळ्या दुरुस्तीत इतकी स्वस्त दुसरी वस्तू नाही.

हवेचंही तेच. पंपाच्या ओढीच्या बाजूचा पाइप किंवा क्लिप सैल असेल तर पाणी बाहेर न येता हवा आत खेचली जाते. कूलंट भरल्यावर हवा पूर्ण काढा.

१२. माझ्या इंजिनाला कूलंटचा वेगळा फिल्टर आहे. तो बदलला की ॲडिटिव्ह घालायची गरज नाही ना?

फिल्टर कोणता आहे त्यावर अवलंबून. काहींत ॲडिटिव्ह भरलेलं असतं आणि ते हळूहळू कूलंटमध्ये मिसळतं. काही कोरे असतात, फक्त गाळण्यासाठी. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून भाग क्रमांक पाहूनच घ्या. भरलेला फिल्टर आणि वरून बाटली असं दोन्ही एकदम केलं तर प्रश्न ९ मधली अवस्था येते. दीर्घायुषी कूलंट (प्रश्न १९) असेल तर कोराच फिल्टर लावा.

१३. सकाळी डिपस्टिकवर ऑइलची पातळी नेहमीपेक्षा वर दिसली. पाणी उतरलंय का ते कसं ओळखू?

इंजिन सुरू करू नका. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट ऑइलपेक्षा जड असल्याने चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टबाच्या, तळाला बसतं. चेंबरचा नट अगदी हळू सैल करा. ऑइलआधी पाणी किंवा कूलंट आलं तर शंका मिटली.

याआधीच्या खुणा वेगळ्या. बाहेर कुठेही ओल नसताना पाण्याची पातळी सतत उतरते, ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय धरते, धुराला गोडसर वास येतो. त्याहूनही आधी ओळखायचं असेल तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. सोडियम आणि पोटॅशियम चढायला लागले तर कूलंट झिरपतंय असं समजावं, कारण ते बहुधा त्याच्या ॲडिटिव्हमधून येतात. ग्लायकॉल मिसळलेल्या ऑइलचं वंगण जातं आणि बेअरिंगची वाट लागते, म्हणून ही गाडी "एवढी खेप मारून" आणायची नाही.

१४. पण ते हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) किंवा लायनरच्या ओ-रिंगमुळेही (लायनर आणि ब्लॉकमधलं रबरी कडं) होऊ शकतं ना?

हो, आणि अंदाजाने इंजिन उघडण्यापेक्षा आधी नेमकं कारण ओळखणं बरं. चेंबर उतरवा, रेडिएटरला हातपंपाने ठरलेला दाब द्या आणि खालून टॉर्च लावून बघा. लायनरच्या बाहेरून, ब्लॉकच्या सांध्यातून थेंब येत असतील तर ओ-रिंग. लायनरच्या आतल्या भिंतीवरून ओघळ येत असेल तर भोक, किंवा वर गॅस्केट. क्रँक हाताने फिरवून त्या सिलिंडरचा पिस्टन वर न्या, भिंत उघडी दिसेल. मधल्या भागात एकाच ठिपक्यातून पाणी पाझरत असेल तर ते भोकच. दाब काही तास ठेवा, बारीक भोक लगेच बोलत नाही.

रेडिएटरमध्ये जोराने बुडबुडे आणि ऑइल स्वच्छ, अशी जोडी असेल तर आधी गॅस्केट आणि हेडची तड यांकडे बघा.

१५. स्टार्टर मारला तर इंजिन अर्धवट फिरून अडकलं. पुन्हा मारू का?

मुळीच नाही. भोकातून रात्रभर कूलंट पिस्टनवर साचलं असेल तर ते दाबलं जात नाही. जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळे इंजेक्टर काढा आणि क्रँक हाताने फिरवा, पाणी त्या वाटेने बाहेर येईल. भोकांसमोर तोंड आणू नका. ज्या सिलिंडरमधून पाणी आलं तोच दोषी.

१६. रेडिएटरमध्ये गळती बंद करणारी पावडर टाकली तर भोक बुजेल का?

नाही. पेटलेल्या इंधनाच्या दाबापुढे ती टिकत नाही, मात्र रेडिएटर आणि ऑइल कूलर तुंबवते.

१७. ओव्हरहॉल करताना लायनरवर बारीक खड्डे दिसले. तेच लायनर परत वापरता येतील का?

आधी लायनर नीट धुऊन बाहेरचा भाग उजेडात पाहा. खड्डे बहुधा उभ्या ओळीत, पिस्टन आदळतो त्या बाजूला असतात. सरळ ओळीच्या इंजिनात ही बाजू क्रँकच्या आडवी, म्हणजे इंजिनाच्या डाव्या-उजव्या अंगाला येते. सगळीकडे पसरलेला तांबूस गंज वेगळा, तो साध्या पाण्याचा.

खड्डे अगदी उथळ असतील तर काही मॅन्युअलमध्ये लायनर ९० अंश फिरवून बसवण्याची मुभा असते, त्यामुळे चांगली बाजू माराखाली येते. मुभा आणि खोलीची मर्यादा मॅन्युअलमध्ये लिहिलेली असेल तरच हे करा. माझं मत विचाराल तर इंजिन उघडलेलंच आहे, पिस्टन बाहेर आहेत, अशा वेळी नखाला जाणवणारा खड्डा असलेला लायनर परत आत घालू नये.

१८. नवे लायनर टाकले, तरी थोड्याच काळात पुन्हा पिटिंग. असं का?

बहुतेकदा यामागे एक सर्रास चालणारी पद्धत असते: "आधी साधं पाणी घालून चालवू, गळत नाही ना बघू, मग कूलंट टाकू." ते "मग" लांबत जातं. नव्या लायनरवर ऑक्साइडचा थर अजून धरलेलाच नसतो, म्हणजे संरक्षण सर्वांत जास्त लागतं तेव्हाच ते शून्य असतं. गळती गाडी उभी असतानाच दाबाच्या पंपाने तपासा आणि पहिल्यांदा भरतानाच योग्य कूलंट भरा.

दुसरं कारण बसवण्याचं. ब्लॉकचा खालचा बोअर झिजलेला असेल किंवा लायनरची ब्लॉकच्या वर राहणारी उंची कमी-जास्त असेल तर लायनर पक्का धरला जात नाही आणि जास्त थरथरतो. तिसरं, ॲसिडने वॉटर जॅकेट साफ केल्यावर ते पूर्ण धुतलं गेलेलं नसतं. उरलेलं ॲसिड नवं कूलंट भरताक्षणीच त्यातली रसायनं संपवायला लागतं.

१९. जुन्या इंजिनात दीर्घायुषी कूलंट घालता येतं का? त्यात तर नायट्राइट नसतं म्हणतात.

काहींत असतं, काहींत नसतं. या कूलंटमध्ये सेंद्रिय आम्लांचे क्षार धातूचं रक्षण करतात आणि ते फार हळू खर्ची पडतात. तुमच्या इंजिनाच्या उत्पादकाची मान्यता असेल तर जुन्या इंजिनातही ते चांगलं. पण जुनं कूलंट पूर्ण काढून, सिस्टिम धुऊनच भरा. दुसऱ्या जातीचं कूलंट १० टक्क्यांपेक्षा जास्त मिसळलं तर दीर्घायुष्याचा भरवसा संपला असं धरा. त्यात नेहमीचं ॲडिटिव्ह घालायचं नाही. नायट्राइटविरहित प्रकारात नायट्राइटची पट्टी शून्य दाखवणार, ते पाहून घाबरून बाटली ओतू नका. त्यासाठी सेंद्रिय आम्ल मोजणारी वेगळी पट्टी असते.

२०. जुना ट्रक घेतलाय. आत कोणतं कूलंट आहे, कधी बदललं, काहीच माहीत नाही.

मग तपासत बसू नका, सगळं काढा. रेडिएटरबरोबर ब्लॉकचे कॉकही उघडा, नाहीतर बरंचसं जुनं आतच राहतं. निघालेलं पाणी पाहा: गंजाने तांबूस असेल तर लायनर बहुधा साध्या पाण्यावर चाललेत. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, मग प्रश्न ५ प्रमाणे निवडलेलं कूलंट भरा आणि पहिल्या काही आठवड्यांत दोनदा पट्टी लावा. ऑइलचा नमुनाही तपासून घ्या, कारण आधी पडलेले खड्डे कूलंटने भरून येत नाहीत, फक्त पुढे वाढायचे थांबतात. काढलेलं कूलंट गटारात किंवा उघड्यावर सोडू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, मुलं आणि जनावरं ते पितात.

२१. गाडी बरेच महिने उभी राहणार आहे. पाणी काढून ठेवू का?

नको. रिकाम्या वॉटर जॅकेटमध्ये हवा आणि ओल राहते आणि सगळीकडे गंज धरतो. ताजं, तपासलेलं कूलंट काठोकाठ भरा, इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा आणि मगच उभी करा. परत सुरू करताना आधी पट्टी लावा, चेंबरचा नट सैल करून प्रश्न १३ प्रमाणे बघा, आणि क्रँक दोन फेरे हाताने फिरवल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नका.